पांढरा बगळा आणि मी, करडा पुठ्ठा

मित्रांनो, करड्या रंगाचं कुणी कौतुक केलेलं तुम्ही कधी ऐकलं आहे का? लाल, निळा, हिरवा, सगळ्यांचे लाड होतात. पांढऱ्याचं तर विचारूच नका. करड्याला मात्र लोक सरळ मळका म्हणून मोकळे होतात. मी असाच एक जुना करडा पुठ्ठा आहे. वहीएवढा लांबरुंद, दोन बोटांत मावेल इतका हलका, आणि अंगावर ना अक्षर ना चित्र. फोटोग्राफर मंडळी मला ग्रे कार्ड म्हणतात. माझं काम ऐकून तुम्हाला हसू येईल, पण फोटो खरा यायचा असेल तर माझ्यावाचून पुष्कळदा अडतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

त्याचं असं आहे की कॅमेरा हा मोठा भाबडा प्राणी असतो. त्याला वाटतं, जगातली प्रत्येक वस्तू या पुठ्ठ्यासारखी करडीच आहे. त्याच्यापुढे पांढरी भिंत धरा, तो तिला राखेचा रंग देतो. कोळसा धरा, त्यालाही राखेचाच रंग देतो. म्हणून ज्याचा फोटो काढायचा त्याच्याच उजेडात आधी मला धरायचं, माझ्यावरून उजेड मोजायचा, कॅमेरा तेवढ्यावर पक्का करायचा आणि मग फोटो काढायचा. म्हणजे पांढरं पांढरं येतं, काळं काळं येतं आणि मधलं मधलं येतं. एवढंच माझं काम आहे. पण ते मला नीट करू देतील तर शपथ!

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक चष्मेवाल्या बाई दिवसभर आम्हा पुठ्ठ्यांकडे बघत बसत. जरा गडद झाला की बाजूला, जरा फिका झाला की बाजूला. माझ्यापाशी त्या थांबल्या, मला खिडकीच्या उजेडात तिरका करून पाहिलं आणि "हा बरोबर आहे" म्हणाल्या. माझं इतकं स्पष्ट कौतुक पुढे आयुष्यात पुन्हा कुणी केलं नाही.

मालकांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांच्या स्टुडिओच्या दाराचा रंगही वाळला नव्हता. ते तरुण होते, पुस्तकं वाचून धंद्यात उतरले होते. येईल त्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली ते मला धरायला लावत. गिऱ्हाइकं बिचकत. "हे काय हो, पोलिसांत पाटी धरल्यासारखं वाटतंय," असं एक गृहस्थ म्हणाले होते. पण फोटो असे येत की माणसाच्या गालावरचा तीळ, कपाळावरची आठी, सगळं जागच्या जागी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एक बाई आपल्या मुलीचे फोटो परत घेऊन आल्या. लग्न ठरवायला पाठवायचे फोटो होते. "आमची मुलगी एवढी सावळी नाही हो," असं म्हणून त्यांनी पाकीट टेबलावर टाकलं. मुलगी शेजारीच उभी होती आणि अगदी तेवढीच सावळी होती. मालकांनी मला पुढे करून उजेडाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा पुठ्ठा तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि मुलगी उजळ करून द्या."

मालकांनी उजेड थोडा चढवला. बाई खूश झाल्या आणि त्यांनी आपल्या सगळ्या ओळखीच्या लोकांना या स्टुडिओत पाठवलं. त्यानंतर मालकांच्या हाताला जी सवय लागली ती लागलीच. नवरा असो, नवरी असो, बारशाचं बाळ असो, ओळखपत्राचा फोटो असो, सगळ्यांना थोडं वर चढवायचं. गर्दी वाढली, दुकानावर मोठी पाटी लागली आणि मी टेबलाच्या खणात गेलो. पुढे मालकीणबाईंनी मला तिथून काढलं आणि प्यायच्या पाण्याच्या जगावर झाकण म्हणून ठेवलं. वीज गेली की त्या माझ्याने वारा घेत. मला राग मालकीणबाईंचा आला नाही, त्या निदान मला हातात तरी घेत होत्या.

मालकांना एक धाकटी बहीण होती. ती जनावरांची आणि पक्ष्यांची डॉक्टर. दोघं एका ताटात जेवत वाढलेली, त्यामुळे भेटली की भांडल्याशिवाय राहत नसत. तिच्या लग्नाचे फोटो अर्थातच दादाने काढले होते. "वहिनी, माझा अल्बम कुणाला दाखवायची सोय नाही," ती म्हणे. "दादाने मला चुन्याच्या डब्यात बुडवून काढलीय. नाक कुठे आणि गाल कुठे, तेच कळत नाही." मालक म्हणत, "अगं, लोक पैसे देऊन असे फोटो काढून घेतात. तुला फुकट मिळालेत म्हणून किंमत नाही."

पण त्या पावसाळी दिवशी ती आली ती भांडायला नव्हे. रेनकोटसुद्धा न काढता ती स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. गावाबाहेरच्या तळ्यावर एक मोठा पांढरा बगळा तंगुशीत अडकला होता. तंगूस म्हणजे मासे धरायच्या गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. लोक तुटलेला दोरा तिथेच टाकून जातात. बगळ्याच्या पायात आणि पंखात त्याचे वेढे बसले होते. त्याला धड चालता येत नव्हतं, धड उडता येत नव्हतं, पण जवळ गेलं की फडफडून चार हात लांब जाण्याइतकं बळ अजून होतं.

"मग धर ना जाळं टाकून. तुझं कामच आहे ते," मालक म्हणाले.

"धरेन रे, पण दोरा आणखी कुठेकुठे गेलाय ते आधी कळायला हवं. गळ पोटात असला आणि मी बाहेरून दोरा ओढला, तर संपलंच." ती पुढे म्हणाली, "गेल्या वर्षी एका बगळ्याचं तसंच झालं, दादा. माझ्या हातातच गेला तो. मला ते पुन्हा नकोय."

दुर्बिणीतून तिने पुष्कळ पाहिलं होतं. पण पांढऱ्या पिसांवर पांढरट दोरा, वर पावसाचा पडदा, आणि पक्षी एका जागी स्थिर राहील तर ना! फोटो मिळाला असता तर तो मोठा करून चोचीपासून पायापर्यंत नीट तपासता आला असता. मालकांनी लगेच होकार दिला. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका मित्राची लांबलचक लेन्स त्यांनी उसनी आणली. मला काही त्यांनी नेलं नाही. मी जगावर होतो.

त्या दिवसांत पाऊस पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. आभाळ एकसारखं पांढुरकं. ऊन नाही आणि सावलीही नाही. अशा सपाट उजेडात पांढरा पक्षी म्हणजे फोटोग्राफरची परीक्षाच. सावली असली की एका पिसावरून दुसरं पीस वेगळं दिसतं. सावली नसली की मोजमापात केसभर चूक झाली तरी पिसं नाहीशी होतात. मालकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. एके काळी ठाऊक होतं.

संध्याकाळी ते चिखलाने भरून परत आले आणि टेबलाशी बसून मालकीणबाईंना फोटो दाखवू लागले. पहिल्या काही फोटोंत कॅमेऱ्याने आपला भाबडेपणा केला होता. बगळा राखेत लोळून आल्यासारखा दिसत होता. "हा बगळा आहे की कावळ्याचा मामा?" मालक म्हणाले. "पण पुढचे बघ. पुढे मी चढवला." पुढच्या फोटोंत बगळा चांगलाच पांढरा झाला होता, इतका पांढरा की पीस नाही, पंख नाही, नुसती बगळ्याच्या आकाराची कोरी जागा. मालकांनी मोठ्या अभिमानाने त्यातला एक बहिणीला पाठवला. थोड्याच वेळात तिचा फोन आला. "दादा, हा पक्षी आहे की कागद कापून चिकटवलायस?"

मालक चिडले. पावसाला बोलले, लेन्सला बोलले, बगळ्यालाही बोलले. मी जगावर बसून सगळं ऐकत होतो. डोक्याला हात लावावा असं फार वाटत होतं, पण मला डोकंही नाही आणि हातही नाही. शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, "अहो, पूर्वी तुम्ही तो पुठ्ठा धरून फोटो काढत होतात ना? तो न्या की. जगावर मी ताटली ठेवीन."

इतक्या वर्षांनी मी कॅमेऱ्याच्या पिशवीत शिरलो. माझा आनंद गगनात मावेना. पण तळ्यावर पोचल्यावर मालकांनी मला सरळ पावसात धरलं. अंगावर पाणी साचलं की मी चमकतो, मित्रांनो. चमकलो की कॅमेऱ्याला वाटतं, बाहेर पुष्कळ उजेड आहे, आणि तो फोटो अंधारा काढतो. बगळा पुन्हा काळवंडला. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दगा दिला. "मला पुसा हो आधी!" असं मी किती कळवळून म्हटलं, पण पुठ्ठ्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या खेपेला ते छत्री घेऊन आले. मला भिजू द्यायचं नाही एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी मला छत्रीखाली धरलं, काळ्याभोर छत्रीखाली! बगळा उभा उघड्या आभाळाखाली आणि मी अंधारात. माझ्यावरून मोजलेला उजेड बगळ्याला कसा लागू पडणार? पुन्हा सगळा चुना. मला त्या दिवशी मालकांचा भयंकर राग आला. ज्या माणसाने एके काळी गिऱ्हाइकांना उजेडाचं शास्त्र शिकवलं, त्याला आता पुठ्ठा कुठे धरायचा तेही आठवू नये?

आणि इकडे बगळ्याची दशा वाईट होत चालली होती. तो आता मासा दिसला तरी मान पुढे करत नव्हता. पाण्याच्या कडेला मान आखडून नुसता उभा राहायचा. बहिणीचा आवाज फोनवर उतरलेला असे. "त्याने काही खाल्लेलं दिसत नाही रे. आणखी उशीर झाला तर तुझा फोटो आला काय आणि न आला काय, सारखंच."

त्यानंतर मालकीणबाई स्वतः निघाल्या. "तुमचे दोनच हात. कॅमेरा धराल, छत्री धराल की पुठ्ठा?" असं म्हणून त्यांनी पायात गमबूट चढवले. बहीण जाळं घेऊन आधीच तळ्याच्या पलीकडच्या काठाला, झुडपाआड थांबली होती. फोटो पाहून झाला की तिकडूनच पाण्यात उतरायचं, असा बेत होता.

मालकीणबाईंनी मला कोरड्या रुमालाने टिपून घेतलं आणि माझं तोंड खाली करून धरलं. पाऊस माझ्या पाठीवर पडत राहिला, तोंड कोरडं राहिलं. "तुम्ही तयार झालात की सांगा," त्या म्हणाल्या.

"हं."

त्यांनी मला झटकन उलटं केलं, उघड्या आभाळाखाली, बगळ्याच्याच उजेडात. मालकांनी मोजलं. "झालं," ते म्हणाले आणि मी पुन्हा पालथा. इतकं सोपं होतं, मित्रांनो! एवढ्यासाठी किती दिवस वाया गेले. मालकांनी पटापट फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बगळा पहिल्यांदाच बगळ्यासारखा उमटला. मानेवरची बारीक पिसं, पंखाची घडी, काळ्या पायाला पडलेले दोऱ्याचे वेढे, सगळं दिसत होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मालकांनी मात्र नाक मुरडलं. "जरा मळकटच आलाय गं."

"पाऊस पडतोय. मळकटच दिसणार."

"थांब, एवढासा उजळवतो आणि मग पाठवतो. डॉक्टरीणबाईंना नीट दिसायला हवं ना."

मी ओरडलो. खरंच सांगतो, माझ्या अंगात जेवढा म्हणून आवाज असेल तेवढा काढून मी ओरडलो. पुठ्ठा जरासा वाकला, एवढंच काय ते झालं. मालकांनी फोटो मोबाइलवर घेतला, बोटाने पट्टी थोडी वर सरकवली आणि बगळा शुभ्र झाला. इतक्या वर्षांची सवय. बोटाला विचार करावाच लागला नाही.

लगेच फोन वाजला. "दादा, झकास! आता कळलं. पायात आणि पंखात अडकलाय, चोच आणि गळा अगदी स्वच्छ आहे. म्हणजे गळ पोटात नाही. मी आत्ताच धरते. पायातला कापते, उरलेला ओढून काढते आणि इथल्या इथे सोडून देते बिचाऱ्याला." तिच्या आवाजात किती दिवसांनी आनंद होता. मालकही हसले, कपाळावरचं पाणी पुसत मला बगलेत मारलं आणि कॅमेरा बायकोच्या हाती दिला.

मालकीणबाई पडद्यावर फोटो बघत होत्या, तो मूळचा, न उजळवलेला. "अहो, हे चोचीपाशी काय आहे?"

"केस असेल पडद्यावर." मालकांनी अंगठ्याने पुसलं. केस गेला नाही. त्यांनी वाफ सोडून शर्टाच्या टोकाने पुसलं. तरी गेला नाही. मग त्यांनी पुढचा फोटो उघडून पाहिला, त्यात बगळ्याने मान वळवली होती आणि केसही मानेबरोबर वळला होता. चोचीच्या कोपऱ्यातून निघून गळ्याच्या पिसांवरून खाली पंखाकडे गेलेला तो एक बारीक, करडा धागा होता. माझ्या रंगाचा.

मालकांनी फोन लावला. पलीकडच्या काठावर झुडपाला लटकवलेल्या पिशवीत तो वाजत राहिला. बहीण कमरेइतक्या पाण्यात होती आणि तिचं जाळं पडलं होतं. मग मालक धावले. वय, गुडघे, चिखल, कशाचाही विचार न करता तळ्याच्या बांधावरून धावले. एकदा सपशेल आडवे झाले, मला घट्ट धरूनच उठले आणि पुन्हा धावले. "ओढू नको! अगं ए, ओढू नको!" पावसात आवाज विरून जात होता.

आम्ही पोचलो तेव्हा ती काठाशी गुडघे टेकून बसली होती. बगळा तिच्या काखेत होता. पायातला दोरा कापून झाला होता आणि उरलेलं टोक तिने दोन बोटांना गुंडाळून ताणलं होतं. बगळ्याची मान त्या ताणाबरोबर पुढे येत होती. मालकांना धाप लागली होती, शब्द फुटेना. त्यांनी मलाच तिच्या हातावर आपटलं.

"चोचीतून आत गेलाय," ते कसेबसे म्हणाले.

तिने बोटं तिथल्या तिथे सैल केली. गळ्याची ओली पिसं हळूच बाजूला सारली, चोच किंचित उघडली आणि आत पाहिलं. 

"तू पाठवलेल्या फोटोत तर काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"होतं. मी उजळवला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने फक्त बगळ्याला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "गाडी काढ."

दवाखान्यात एक्स-रे निघाला. गळ खरोखरच आत होता, अन्ननळीच्या पार खालच्या टोकाला रुतलेला. बहिणीने बगळ्याला भूल दिली. मालक आणि मालकीणबाई भिंतीला टेकून उभे राहिले. मालकांच्या हातात मी अजून तसाच होतो, ठेवायचंच विसरले होते. बराच वेळ गेल्यावर बहिणीने चिमट्यात काहीतरी धरून वर उचललं आणि न बघताच म्हणाली, "काहीतरी दे हे ठेवायला, लवकर." मालकांनी मला पुढे केलं.

तो गळ माझ्यावर पडला. नखाएवढा, काळा, वाकडा, टोकाला रक्त लागलेला. माझ्या करड्या अंगावर त्याचा काटा न् काटा स्वच्छ दिसत होता. तिघंही वाकून त्याच्याकडे बघत होते.

बगळा वाचला, मित्रांनो. बरेच दिवस पिंजऱ्यात राहिला, औषध देणाऱ्या प्रत्येकाला त्याने इमानदारीने चोच मारली आणि एका सकाळी मागे वळूनही न बघता उडून गेला.

माझ्या अंगावर मात्र रक्ताचा तपकिरी डाग राहिला. घरी आल्यावर मालकांनी ओला बोळा घेतला आणि डाग पुसायला हात पुढे केला. डाग दिसला की तो घालवायचा, हीच त्या हाताची सवय. मालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या." मालकांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी बोळा खाली ठेवला.

मित्रांनो, मला जपा अशी विनंती मी करणार नाही. मी साधा पुठ्ठा आहे, आज ना उद्या भिजून फाटणारच. पण ज्याचा फोटो काढाल, त्याला उजळ करायला बोट पुढे करण्याआधी एकदा आहे तसा नीट बघा. त्याला आत कुठे काही रुतलं असेल, तर ते तिथेच दिसेल.